तिसरी गोळी

मु. वस्ती, पो. उमापूर, ता. गेवराई
१४ डिसेंबर २०१८

ती. सुंदरबाई सिस्टर यांना,

शिवकन्या पाया पडते, पण तुमच्या दुखऱ्या गुडघ्याला हात न लावता. तेल चोळता का नुसतं फळीवर ठेवता? तुम्ही रिटायर होऊन पालीला मुलाकडे गेलात, तेव्हापासून आमच्या उपकेंद्रात रागावणारं माणूसच उरलं नाही. नवी सिस्टर गोड आहे. इतकी गोड की तिला खरं सांगायला जीभच उचलत नाही.

फोन करणार होते. पण तुम्हाला ऐकू येत नाही म्हणून मुलगा स्पीकर लावतो आणि सगळं घर ऐकतं. तसं विशेष काही नाही म्हणा. इकडे टँकर आठ दिवसाला येतो. दसऱ्यानंतर निम्मं गाव ऊस तोडायला कारखान्यांवर गेलं. मी घरभेटीला निघाले की चार दारांपैकी तीन दारांना कुलूप. तुमच्या पालीच्या धरणाचाही तळ दिसतो म्हणे, खरं का?

माझा सत्कार झाला. तालुक्याच्या मीटिंगमध्ये, 'टीबीचा एकही पेशंट अर्धवट सोडला नाही' म्हणून. शाल आणि नारळ. नारळात पाणी निघालं, या साली तेवढं पुष्कळ. आईनं वाटीत घालून दिलं, पण मी वाटी तशीच परत सरकवली. तिला वाटलं दृष्ट लागली.

माझा धाकटा भाऊ आश्रुबा तुम्हाला आठवत असेल. तुम्ही लस टोचायला आलात की कणगीत लपायचा तो. त्याच्या बायकोला, चतुराला, ऑगस्टमध्ये टीबी निघाला. दोन महिने मी तिला रोज समोर बसवून गोळ्या गिळायला लावल्या. अंगावर मांस धरलं, खोकला थांबला. मग दसरा झाला आणि दोघं ट्रकमध्ये चढले. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, एकट्या माणसाला मुकादम टोळीत घेत नाही, हे तुम्हाला काय सांगायचं! पुढच्या दोन महिन्यांच्या गोळ्या मी तिच्या पत्र्याच्या पेटीत स्वतः ठेवल्या. रोज तीन, उपाशीपोटी.

परवा तिचा फोन लागला. म्हणाली, खोकला पुन्हा सुरू झालाय.

"गोळ्या घेतीस का?"

"घेती की. एक दिस चुकला न्हाई."

मला खरं वाटेना. मग मी तुमचीच युक्ती केली. या गोळ्या पोटात गेल्या की लघवी लाल होते, तिथं पेशंटला खोटं बोलता येत नाही. विचारलं, "लघवी लाल होती का?"

"होती की, आक्का. आमच्या दोघांची बी होती."

बाई, मी लगेच विचारलं, दोघांची म्हणजे?

"दीड मला, दीड त्यांला. तिसरी गोळी कोयत्यानं बरोबर मधून कापती मी. कोयता एक हाय आमचा, मग दवा एकटीनं कसा खावा?"

कौतुकानं सांगत होती. आता आक्का शाबासकी देईल असं वाटत असेल तिला. मी मात्र जे तोंडाला आलं ते बोलले. अडाणी म्हणाले, सत्यानाश केलास म्हणाले. "त्याला टीबी आहे हे तुला सांगितलं कोणी?" तर ती म्हणाली,

"सांगाया कावून लागतंय? खोकला माझ्यावानीच हाय त्यांचा. तुमी तर तपासलं न्हाई. मग मी काय करावं?"

तेव्हापासून माझं डोकं चालत नाही. अर्ध्या गोळीनं रोग मरत नाही, उलट निबर होतो, हे तुम्हीच मला घोकून घेतलं होतं. मग हे केलं कोणी? चतुरानं? तिनं भाकरी वाटते तशा गोळ्या वाटल्या. तिला मी 'रोज तीन' सांगितलं, 'तुझ्या एकटीच्याच' हे सांगायचं सुचलंसुद्धा नाही. असं काही सांगावं लागतं का हो?

आश्रुबाची तपासणी राहून गेली, असं मी या पत्रात लिहिणार होते. दोनदा लिहून कागद फाडला. राहून गेली नाही. तो सप्टेंबरपासून खोकत होता. निघायच्या आदल्या सकाळी मी त्याला बेडक्याची डबी दिली, त्यानं ती भरून आणून दिली. मी पिशवीत घालून दवाखान्याकडे निघाले. तो रडवेला होऊन फाट्यापर्यंत मागं पळत आला.

"आक्का, नको पोचवू. मुकादमाला कळलं तर आमचा कोयता मोडतो, दोघांलाबी टोळीतनं काढतो. हितं बसून काय प्यावं आमी? तिकडं गेलो की लगेच तपासतो. आईची शप्पथ."

आणि मी फाट्यावरून परत फिरले. डबी बांधाला बाभळीखाली पुरली. चतुराच्या फॉर्मवर 'घरातील इतरांना खोकला' या रकान्यात 'नाही' लिहिलं. त्याच फॉर्मवर मला शाल मिळाली. नवऱ्याच्या मागं मी माहेरी आले, तेव्हा हे काम तुम्ही शब्द टाकून मिळवून दिलंत, आणि मी त्याचं हे केलं.

काय बरोबर होतं तेच कळेना. कधी वाटतं, इथं राहिला असता तर गोळ्या मिळाल्या असत्या, पण गिळायला पाणी कुठलं? कधी वाटतं, त्या कारखान्याच्या तळावर पाचटाच्या कोपीला कोपी चिकटून, प्रत्येकीत लेकरं, त्यांनाही लागण होईल. डॉक्टरांना सांगितलं तर दोघांना परत आणतील आणि आश्रुबा जन्मात माझ्याशी बोलणार नाही. नाही सांगितलं तर होळीपर्यंत दोघांतलं कोण उरेल? बहीण म्हणून एक वाटतं, आशा कार्यकर्ती म्हणून दुसरं, आणि आई विचारते, "पोरगा कसाय गं?" तर मी म्हणते, "बरा आहे."

उद्या पहाटेच्या एसटीनं तळावर जातेय, दोन नव्या डब्या घेऊन. पण मला माझा भरवसा नाही. मी फाट्यावरून परत फिरणारी बाई आहे. आश्रुबा पुन्हा तसाच रडवेला झाला तर मी काय करीन, मला खरंच माहीत नाही.

तुम्ही शिकवलं होतं, रजिस्टरमध्ये खाडाखोड करायची नाही. चुकलं तर एक रेघ मारायची, खाली खरं लिहायचं आणि सही करायची. फॉर्म नव्या सिस्टरकडे आहे, तिथं धीर होत नाही. म्हणून इथं लिहिते.

आश्रुबा, वय २८. खोकला 'नाही' असं लिहिलं होतं, त्यावर रेघ. खोकला आहे, सप्टेंबरपासून. नमुना मिळाला होता. मी पुरला. चतुराच्या गोळ्या दोघं निम्म्या निम्म्या खातात.

हे पत्र फाडू नका. तुमच्या हातानं आमच्या डॉक्टरसाहेबांकडे पाठवा. उद्या-परवा मी फोन करून, रडून, हे परत मागितलं तर देऊ नका. तेव्हा ऐकू येत नाही म्हणा.

सही करते,

शिवकन्या आसाराम
आशा कार्यकर्ती
(पेशंटची सख्खी बहीण)