राणीचे पाच थर

सोमवार, ३ मार्च. सकाळी ७.१०
निर्णय झाला. शाळेच्या ऐतिहासिक नाटकात लेक राणी आहे, पोशाख मी शिवणार. पाच थर. आतला परकर, फुगीर परकर, झगा, जाकीट, वर अंगरखा. बायको म्हणाली, खालच्या मजल्यावरच्या टेलरबाईंकडे टाका. मी म्हटलं, एकोणीस वर्षं कारखान्यात पाइपांची मापं तपासतोय, परकर जमणार नाही? नाटक शनिवारी, १५ला. आधीच संपेल, मग उरलेल्या दिवसांचं काय करायचं तेवढं ठरवायचंय.

मंगळवार, ४ मार्च
लेकीची मापं घेतली. मिलिमीटरमध्ये. हात पसरून मुकाट उभी राहिली. गेल्या वर्षी मीटिंगमुळे नाटकाला पोचलो नाही, तेव्हापासून तिनं माझ्याकडे काही मागितलेलं नाही. वाईट वाटतं. पुन्हा लिहिणार नाही. पोशाख बघून आपोआप बोलेल.

शुक्रवार, ७ मार्च
मशीन सासूबाईंचं, त्यामुळे माझ्याशी तुटक वागतं. दोन दिवस बॉबिनमध्ये गेले. तेही शिक्षणच.

शनिवार, ८ मार्च
डोकं लढवलं. माणूस एक, तर माप एक. पाचही थरांना एकच कागदी नमुना वापरला. कमरेला आणि छातीला अंगाइतकंच कापड, वर एक मिलिमीटर नाही. टेलर लोकांना हे सुचत कसं नाही?

रविवार, ९ मार्च. दुपारी
आतला परकर तयार. बायको म्हणाली, नाडी घाला. नाडी लागते ती माप चुकल्यावर. मी एक हुक लावला.
टेलरबाई वाटी परत करायला आल्या. कापलेलं जाकीट कापलेल्या झग्यावर धरून बघितलं, मग बायकोकडे बघितलं. धंदा म्हटला की पोटदुखी आलीच.

मंगळवार, ११ मार्च
रजा टाकली. साहेबांना पाठदुखी सांगितली. मशीनवर बसून आता खरंच दुखतेय, म्हणजे खोटं बोललो नाही.

बुधवार, १२ मार्च
पाचही थर पूर्ण! लेकीला एकेक घालून, काढून बघितले. पाचही तंतोतंत. लेकीनं आरशात बघितलं, म्हणाली, बाबा, या वर्षी पुढच्या रांगेत बसाल ना. हो म्हटलं आणि कॅलेंडरवर १५ला गोल केला.

गुरुवार, १३ मार्च. संध्याकाळी ६.४०
पाचही थर लेकीला एकावर एक घालायला घेतले. फुगीर परकर आतल्या परकरावर बसेना. पोट आत घे म्हटलं. झगा कसाबसा चढला. जाकिटात मात्र दोन्ही हात वरच्या वर अडकले, ना आत ना बाहेर. आतून आवाज आला, बाबा, श्वास घेता येत नाहीये. कात्री सापडेना. बायकोनं जाकीट पाठीवर टरकावलं. कात्री माझ्या मांडीखाली होती.
लेक रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं.
एका दिवसात पोरगी जाड झाली असावी.

शुक्रवार, १४ मार्च
शिवण उसवून सैल करायला बसलो. आत सोडायला कापडच नाही. बायको सगळं पिशवीत भरून खाली घेऊन गेली. काही विचारू नका म्हणाली. विचारलं नाही.

शनिवार, १५ मार्च. नाटकानंतर
पाऊण तास आधी जाऊन पुढच्या रांगेत बसलो. राणी आली. वरचे चारही थर टेलरबाईंचे. रविवारीच शिवायला घेतले होते म्हणे. आतला परकर तेवढा माझा. तो घालणारच म्हणून लेकीनं हट्ट धरला होता.
तिसऱ्या प्रवेशात हुक तुटला. भर दरबारात परकर घोट्यापाशी. राणीनं त्यातून शांतपणे पाय काढले, भाषण न थांबवता परकर उचलला आणि दासीच्या हाती दिला. टाळ्या पडल्या. लोकांना तो नाटकाचाच भाग वाटला. मीही वाजवल्या, सगळ्यांत जास्त वेळ.
येताना रिक्षात तिनं परकर माझ्या मांडीवर ठेवला. म्हणाली, बाबा, पुढच्या वर्षी नाडी घाला.
घालणार. आजपासूनच सुरुवात करतोय. मापं आहेतच माझ्याकडे, मिलिमीटरमध्ये. पुन्हा घ्यायची गरज नाही.