ताईचा हिरवा ठिपका

८ जानेवारी

ताईला अखेर भरती केलं. चाचणीत विषाणू निघाला, त्यात तिचा लहानपणापासूनचा दमा. आमच्याच इस्पितळात, खालच्या वॉर्डात, खिडकीजवळची खाट. नोंदणीच्या खोलीत येऊन मी बनवलेल्या प्रोग्रॅममध्ये तिची माहिती मी स्वतः भरली — वय, ऑक्सिजन, श्वासाचा वेग, जुने आजार. मृत्यूचा धोका : कमी. हिरवा ठिपका.

ताईला सांगितलं तर म्हणते, "मग त्या ठिपक्यालाच विचार, इथला चहा एवढा पाणचट का?"

९ जानेवारी

फेरीच्या वेळी मोठे डॉक्टर सगळ्यांदेखत म्हणाले, "यांच्या ठिपक्यांमुळे वर अतिदक्षता विभागात कुणाला न्यायचं, ही डोकेदुखी गेली."

मी कॉलेजची पायरी चढलेलो नाही. जुन्या पेशंटांच्या नोंदी भरल्या, कोण गेलं, कोण वाचलं ते मशीनला शिकवलं. एकट्यानं. दशांशचिन्हसुद्धा इकडचं तिकडे नाही. बरं वाटलं, खोटं कशाला लिहू.

१० जानेवारी

ताईला धाप लागली आहे. एक वाक्य तुकड्या-तुकड्यांत बोलते. ठिपका हिरवाच.

नर्सबाई तिची उशी उंच करत म्हणाल्या, "पूर्वी दम्याचा पेशंट आला की आम्ही कुणाला विचारायचो नाही, सरळ वर न्यायचो. आता तुमच्या ठिपक्याशिवाय कुणी हलवत नाही हो, भाऊ."

सरळ वर!

जिन्यातच थांबलो. जुन्या नोंदींतले दमेकरी वाचले, ते वर नेले म्हणून. मशीन एवढंच शिकलं की दमा असला की माणूस वाचतो. प्रोग्रॅम बनवताना ते मला दिसलंही होतं. काहीतरी नवीन सापडलं म्हणून मी हरखलो होतो.

डॉक्टरांना म्हणालो, "ताईला वर घ्या. तिची माहिती भरताना माझ्या हातून चूक झाली."

"तुमच्या हातून?" ते हसले. पण लगेच वर फोन केला. संध्याकाळी खाट मिळाली.

खरं ते सांगायचंच आहे. पण आधी दुरुस्त करून, तपासून. अर्धवट काम घेऊन कुणासमोर जाण्याची मला सवय नाही.

११ जानेवारी

ताई मास्कवर. बोलायला बंदी. मला बघून हातानेच खूण केली — दाढी कर.

दिवसभर प्रोग्रॅमला बसलो. दम्याचा हिशेब नव्याने मांडतो आहे.

१२ जानेवारी

ताईचा श्वास सुधारला. डॉक्टर म्हणाले, वेळेवर हलवलं.

दुरुस्ती जवळजवळ झाली. एकदा पुन्हा तपासतो, मग उद्या सांगतो.

१३ जानेवारी

ताईला वर नेलं त्याच रात्री खाली तिच्या रिकाम्या खाटेवर एक शिवणकाम करणारी बाई आली होती. आज सकाळी गेली. दमा होता. ठिपका हिरवा.