वहीतलं एक मिनिट

प्रिय काका,

आज वैशाख वद्य पंचमी, सोमवार. सकाळी सातला दहा मिनिटं कमी, घड्याळ तुमचंच. उद्या निजामाची हद्द ओलांडून सोलापूरच्या एका गिरणीत कारकुनाच्या जागेसाठी जायचं, म्हणून तुमची इंग्रजीची वही उघडली. एका ओळीवर अडलो आणि उजळणी सोडून तुम्हाला लिहायला घेतलं.

शाळेत मी चार बुकं शिकलो, तीही उर्दूतून. तामलवाडीत इंग्रजी तुमच्याशिवाय कोण शिकवणार होतं? डावीकडं तुम्ही वेळेचे इंग्रजी शब्द लिहायचे, उजवीकडं आपल्या घरचं माप.

"'फॉर ए लाँग टाइम' म्हणजे किती, दत्तू?"

"डाळ शिजेपर्यंत."

लगेच चुलीपाशून काकू, "तुरीची का मुगाची, ते लिव्ह की आधी!"

'इन नो टाइम'समोर तुम्ही हळूच लिहिलंत, 'हिला राग येतो तेवढ्यात.' किती हसलो होतो आपण!

तुम्ही आजारी होतात, त्या दुपारी अंथरुणावरून आतून हाक मारलीत. मी म्हटलं, "जस्ट ए मिनिट, काका!"

"साहेब झाला की रं!" तुम्ही म्हणालात.

माझ्या पानावर शाईचा डाग पडला होता. मी अख्खं पान पुन्हा लिहून काढलं. आत आलो तेव्हा काकू तुमचे पाय धरून बसली होती.

काय हवं होतं, काका? पाणी? की काही सांगायचं होतं? आणि जायची एवढी घाई का केलीत?

तेव्हापासून वहीला हात लावला नव्हता. आज 'जस्ट ए मिनिट'समोर तुमचं थरथरतं अक्षर दिसलं : 'आमचा दत्तू म्हणाला, तर अर्धा तास.'

म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं! तरी हाक मारलीत?

काकूला विचारलं. ती म्हणाली, "पाणी म्याच पाजलं. दत्तूला बोलवू का म्हटलं, तर म्हणले, लिहू दे त्याला. हाक मारली की ओ देतोय, लई झालं."

मला आधी का नाही सांगितलं हिनं? मीच कधी विचारलं नाही म्हणा.

काका, शब्द देतो. नोकरी लागो न लागो, काकूची हाक आली की ओळ अर्धी टाकून उठेन. वर या कागदावर शाईचा एक डाग पडलाय, तोही तसाच राहू दे.

ती हाक मारतेय. घड्याळात सात वीस. माझं एक मिनिट झालं, उठतो.

तुमचा,
दत्तू