अपेक्षित निष्कर्षाचा रकाना

मंगळवार, संध्याकाळ

संशोधनाच्या अनुदानाचा ऑनलाइन अर्ज उद्या दुपारपर्यंत गेला पाहिजे आणि मी ‘अपेक्षित निष्कर्ष’ या एकाच रकान्याशी बसून आहे. म्हणजे रकाना भरलाय. तोच तर त्रास आहे.

वाडीतल्या विहिरीचं पाणी वर्षागणिक मचूळ होतंय. त्या पाण्यावर राजेळी केळ तगेल का, हे मला शोधायचं होतं. पण तीन वर्षांनी ‘काही हाती लागलं नाही’ असं लिहायची वेळ आली तर? पुढचं अनुदान कोण देईल? माझ्याकडे पीएचडी करणाऱ्या श्वेताची शिष्यवृत्तीही यातूनच निघायची. तिला मध्येच लटकवू? म्हणून त्याऐवजी खताच्या मात्रेचा विषय घातला. त्याचे निष्कर्ष गेल्या वर्षीच निघालेत, विरारला कॉलेजच्या कपाटात पडून आहेत. रकाना दहा मिनिटांत भरला. सगळेच असं करतात. करतात ना?

मघाशी बाबा त्याच विहिरीच्या काठाला राजेळीचा मुनवा, बुंध्याशी फुटलेला कोंब, लावून आले. दरवर्षी लावतात, दरवर्षी मरतो. मी चिडून म्हटलं, “कशाला लावता?”

“जगतोय का बघायला.”

मग हातपाय धुताना त्यांनी अर्जाचं विचारलं. मी सगळं सांगितलं, कपाटातल्या निष्कर्षांसकट. त्यांनी टॉवेलला हात पुसले.

“मग आता शोधणार काय?”

ते आत गेल्यावर मी रकाना पुसून पाहिला. तो रिकामा ठेवला की अर्ज पुढेच सरकत नाही.