पाचवं नाव

तीर्थस्वरूप ताई,

धाकट्या भावाचा नमस्कार. इकडे सगळे ठीक आहेत असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो; माझ्यापुरतं ते खरं नाही, पण त्याकडे येईनच. तुझी लेक, आपली बाळंतीण, कशी आहे? बाळ कुणावर गेलंय यावरून तुमच्या दोन घरांत जे चाललं होतं, ते मिटलं का? (आमच्या घरात एकमत आहे की नाक आपल्या बाजूचं आहे. दाजी फोटो बराच वेळ बघून एवढंच म्हणाले, हात चांगले लांब आहेत.) तुझी कंबर काय म्हणते? हे सगळं फोनवर विचारलं असतं, पण फोनवर तू मला एक वाक्य पुरतं बोलू देत नाहीस, आणि घरून फोन लावावा तर दाजी समोर बसलेले असतात. तू लेकीकडे गेल्यापासून ते आमच्याकडेच जेवतात, आणि हे पत्र त्यांच्याबद्दल आहे. म्हणून कामावर बसून चादरींच्या याद्यांच्या पाठकोऱ्या बाजूला लिहितोय. मागे इस्पितळाच्या अभ्र्यांची संख्या दिसेल, तिकडे लक्ष देऊ नकोस.

तर गोष्ट अशी, की आपल्या धुलाई कारखान्याचा बास्केटबॉलचा संघ अकरा वर्षांत पहिल्यांदा अंतिम सामन्यात पोचला आहे. येत्या शनिवारी शीतगृहवाल्यांशी गाठ आहे. प्रशिक्षक मी (कसा झालो ते तुला ठाऊकच आहे, शिट्टी माझ्याकडे होती). शुक्रवारी संध्याकाळपर्यंत सुरुवातीला उतरणाऱ्या पाच जणांच्या नावांची चिठ्ठी स्पर्धेच्या चिटणिसाकडे द्यायची. चार नावं ठरलेली आहेत: बॉयलरवाला, इस्त्रीवरचे दोघे भाऊ, आणि फाटकावरचा पहारेकरी, जो कारखान्यात कुणालाही अडवत नाही पण मैदानात बरा खेळतो. पाचव्या जागेला दोघे आहेत. एक दाजी आणि दुसरा तोफ. डॉक्टरांनी दाजींच्या गुडघ्याला या मोसमापुरतीच परवानगी दिली आहे, म्हणजे शनिवारचा सामना त्यांचा शेवटचा. त्यांना घ्यावं तर कप हातचा जातो, आणि न घ्यावं तर मला त्यांच्याकडे पुन्हा मान वर करून बघता येणार नाही. चार दिवस झाले, घास उतरत नाही, आणि समोर बसून दाजीच मला आग्रह करकरून वाढतात.

तोफ म्हणजे आपला गाडीवाला. मळक्या कपड्यांची गाठोडी तो गाडीच्या मागच्या दारातून पंधरा हातांवरच्या ढकलगाडीत फेकतो, तेही मान वळवून कुणाशी तरी गप्पा मारत, आणि आजवर एक गाठोडं जमिनीवर पडलेलं मी पाहिलेलं नाही. बास्केटचं कडं त्याला ढकलगाडीपेक्षा वेगळं वाटत नसावं. पण बचाव म्हणशील तर नाव सोड. समोरचा चेंडू घेऊन अंगावर आला की हा अंग चोरून बाजूला होतो, दारात पाहुणे आल्यासारखा. एकदा तर त्याने समोरच्याला हाताने वाट दाखवली. मी विचारलं तर म्हणाला, सवय आहे, अरुंद गल्लीत गाडी घालायची म्हणजे समोरच्याला आधी जाऊ द्यावंच लागतं.

दाजींचं बरोबर उलटं. सव्वीस वर्षं तो माणूस चादरींच्या घड्या घालतोय. मोठी चादर दोघांनी समोरासमोर उभं राहून घडी करायची असते, आणि पलीकडच्याचे हात कुठे जाणार हे आधी कळलं नाही तर कोपऱ्याला कोपरा लागत नाही. दाजी समोरच्याच्या डोळ्यांकडे बघतच नाहीत, खांद्यांकडे बघतात. मैदानातही तेच करतात. शीतगृहाचा तो उंच गडी, ज्याला सगळे खांब म्हणतात, त्याला साखळी सामन्यात दाजींनी तीनच बास्केट करू दिल्या. सामना संपल्यावर खांबाने मला बाजूला घेऊन गंभीरपणे विचारलं, की हे गृहस्थ घरीही असेच चिकटून असतात का. मी म्हटलं, ताईला विचारून सांगतो. (सांग.) पण तो सामना आपण हरलोच, कारण तोफ रजेवर होता आणि गुण करायला कुणी नव्हतं. दाजींनी गेल्या तीन वर्षांत एकच बास्केट केली आहे, तीही चुकून आपल्याच बाजूच्या कड्यात, आणि त्याबद्दल पंचांची माफी मागितली.

दोघांनाही खेळवायचा प्रयत्न मी केला नाही असं समजू नकोस. उपांत्य सामना रंगाच्या कारखान्याशी होता. मी बेत आखला, की चेंडू आपल्याकडे असला की तोफ आत, त्यांच्याकडे गेला की दाजी आत. जेवणाच्या टेबलावर बटणं मांडून तीन दिवस त्याचा अभ्यास केला. तुझ्या भावजयीच्या डब्यातली दोन बटणं कमी पडली ती दाजींनी आपल्या जुन्या सदऱ्याची काढून दिली. बेतात खोट नव्हती. फक्त खेळ थांबल्याशिवाय माणूस बदलता येत नाही, हे मी धरलं नव्हतं (नियमांचा कागद खिशातच होता). झालं असं, की जेव्हा जेव्हा खेळ थांबून सुरू झाला, तेव्हा चेंडू भलत्याकडे आणि माणूस भलताच आत. एकदा दाजी कड्याखाली एकटे, हातात चेंडू, आसपास चिटपाखरू नाही. सगळा कारखाना घसा फोडून सांगतोय, टाका. दाजी आपले इकडेतिकडे बघत उभे. तिथे तीन सेकंदांहून जास्त थांबता येत नाही, तेव्हा पंचांनी शिट्टी मारली आणि चेंडू काढून घेतला. मागाहून दाजी म्हणाले, अरे, समोर कुणी नव्हतंच, मग काय करायचं ते सुचेना. पलीकडे तोफ बचावाला उभा राहून रंगवाल्यांना एकेक करून आत सोडत होता. चौथ्या अदलाबदलीला दाजी बाकावरून उठेचनात. गुडघा आखडला होता. तेव्हापासून हे पक्कं झालं, की पहिल्यापासून आत असले तरच दाजी खेळू शकतात. एकदा बसले की त्यांचा सामना संपला. आपण एका गुणाने जिंकलो खरे, पण त्याचं श्रेय रंगवाल्यांच्या प्रशिक्षकाला आहे. तो माझ्याहून हुशार निघाला, त्याने शेवटच्या मिनिटाला आपला सगळ्यात चांगला गडी बाहेर काढला.

ताई, मला या कारखान्यात कुणी आणलं हे मी विसरलेलो नाही. पहिल्याच आठवड्यात माझा एक लाल मोजा पांढऱ्या कपड्यांत गेला आणि इस्पितळाच्या साठ चादरी गुलाबी झाल्या. मालकांनी सगळ्यांना रांगेत उभं केलं. दाजी रांगेतून पुढे झाले आणि म्हणाले, मोजा माझा. (त्यांच्याकडे लाल मोजे कधीच नव्हते, तुला माहीत आहे.) सहा महिने त्यांना मळक्या कपड्यांच्या खोलीत घातलं होतं, आणि त्यावर ते माझ्याशी आजतागायत एक अक्षर बोललेले नाहीत. अशा माणसाला मी कुठल्या तोंडाने सांगू, की तुम्ही बाहेर बसा?

संघातले सगळे तोफेच्या बाजूचे आहेत. काल दाजींनी बूट धुऊन आमच्या खिडकीत वाळत घातले, नाड्या काढून वेगळ्या. मला त्या खिडकीकडे बघवत नाही.

बाकी सगळं बरं. बाळाची दृष्ट काढायला मी तिथे नाही, तेव्हा तू माझ्या वाटणीचं कौतुक करून टाक, आणि कंबरेला जप.

तुझा,
धाकटा

ता. क. आता खरं काय ते लिहितो. चिठ्ठी मी काल रात्रीच लिहिली, पाचवं नाव तोफेचं आहे. हे दाजींना तोंडावर सांगायची माझी छाती नाही. तेव्हा पत्र मिळताच त्यांना फोन कर आणि शनिवारी तिकडे बोलावून घे. बाळ झोपत नाही म्हण, नाहीतर नळ गळतोय म्हण. नळ म्हटलंस तर हमखास निघतील. म्हणजे त्यांना वाटेल आपण घरच्या कामासाठी सामना सोडला, आणि मला कुणाला वगळावं लागणार नाही. पत्र उद्या तोफेच्याच हाती पाठवतोय, त्याची गाडी तुमच्या बाजूला येतेय. पाकीट नीट चिकटवलं आहे.

ता. क. दुसरा. पाकीट परत फोडलंय. आमच्या विभागातले रजेचे अर्ज माझ्याकडे येतात, आणि आत्ता दाजी आपला अर्ज टेबलावर ठेवून गेले. शनिवारी एक दिवस रजा हवी. कारण: पत्नीने तातडीने बोलावले आहे. ताई, पत्र अजून माझ्याच हातात आहे, तू त्यांना कशाची बोलावतेस? अर्ज तीनदा वाचला. मग कळलं, हा दुसरा लाल मोजा आहे. रजा नामंजूर केली आहे. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, शनिवारी संघात नाव आहे. चिठ्ठीही नवीन लिहिली. तोफेला पत्र देतानाच सांगेन; चिडला तर पत्र एक दिवस उशिरा मिळेल एवढंच. तेव्हा त्यांना बोलावू नकोस, तूच ये. इतक्या वर्षांत तू त्यांना एकदाही खेळताना पाहिलेलं नाहीस, आणि परवा जेवताना त्यांनी सहज विचारल्यासारखं मला विचारलं होतं, की शनिवारपर्यंत ती काही परत येणार नसेल, नाही का.