यंदा गणपती मीच आणणार

२ जुलै १९८७, मुलुंड
डायरी, माफ कर. मार्चपासून पान उघडलं नाही. बसून लिहिलं की कंबर दुखते, उताणं पडून लिहिलं की पेन चालत नाही.
आज फिजिओथेरपीच्या सुलक्षणाबाईंनी व्यायाम दिले. उताणं पडायचं, गुडघे छातीशी घ्यायचे, दहादा, रोज. चतुर्थीपर्यंत सुधारेल का, विचारलं. नेमाने केलंत तर, म्हणाल्या. नेम हा माझा स्वभावच. बाबांनंतर कारखान्यातून गणपती पाटावर घेऊन मीच येतो, थोरला म्हणून. गेल्या वर्षी कंबरेमुळे धाकट्या गुणाजीने आणला. यंदा मीच.

५ जुलै
चटई आणली. जेवून व्यायाम नको, उपाशीपोटी चक्कर येईल. मधली वेळ शोधतोय.

१४ जुलै
गुडघे दोनदा घेतले. दोनदा करून व्यायाम केला म्हणणं खोटेपणा. म्हणून आजचा धरला नाही. उद्याही अर्धवट होण्याचा संभव, तेव्हा उद्या नकोच.

२७ जुलै
वसुधा चटईवर तांदूळ निवडत बसली होती. बायकोला उठवणं न्याय्य आहे का? विचार करेपर्यंत ऑफिसची वेळ झाली. म्हणाली, अहो, या चटईने तुमची पाठ अजून पाहिलीसुद्धा नाही.

९ ऑगस्ट
गुणाजी वाकोल्याहून आला. म्हणाला, दादा, तू नुसतं मोरया म्हण ना, उचलायचं माझ्यावर सोड. राग आला. त्याचा, की त्याच्या ताठ पाठीचा, हे प्रामाणिकपणे ठरवता आलं नाही. संध्याकाळी कारखान्यात जाऊन नेहमीपेक्षा मोठी, दोन फुटी मूर्ती सांगून आलो.

२३ ऑगस्ट
व्यायाम राहिला, मान्य. पण आत्मविश्वास हाही व्यायामच. बाबांच्या पाटावर तांदळाची पिशवी ठेवून रंगीत तालीम केली. उचलली. खाली ठेवता येईना. वसुधाने पिशवी काढून घेतली, मी तसाच वाकलेला. वाट लागली, म्हणाली.

२७ ऑगस्ट, चतुर्थी
गणपती गुणाजीने आणला. मी चटईवर उताणा. खोली एवढीशी, पाट माझ्या अंगावरून गेला. त्याला बाबांनी खालून ठोकलेली पट्टी आज प्रथमच दिसली. मोरया म्हणालो, कोणाला ऐकू आलं नाही.
शेजारच्या प्रेमावहिनींनी प्रसाद माझ्या छातीवर ठेवला. गुणाजीने विचारलं, दादा, पाट आता माझ्याकडेच असू दे ना? माझ्याआधी वसुधाच हो म्हणाली. मग हळूच मला म्हणाली, आडवे आहातच, गुडघे तरी घ्या. म्हटलं, पाहुण्यांसमोर बरं दिसत नाही.
उद्या: चटईवरून उठणे.