निळ्या कागदावरचा चावा

११ नोव्हेंबर

अखिलदंतमंडलाधीश्वरी, कवळीकुलभूषणा, भूलसुईधारिणी, आमच्या जबड्याची एकमेव विश्वस्त, चिरंजीव धाकटी हीस सदर जबड्याच्या मालकाचे, अर्थात दादाचे, अनेक आशीर्वाद.

येथे सर्व क्षेम. तुझी वहिनी खुशाल आहे, मांजर खुशाल आहे. कृत्रिम दातासाठी तू जबड्यात रोवलेल्या स्क्रूभोवतीचे माझे हाड तेवढे अस्तंगत होत आहे.

तू म्हणालीस, "हिरडी स्वच्छ आहे रे, दाबाने झिजतंय. खऱ्या दाताभोवती गादी असते, स्क्रूला नसते. सगळा भार थेट हाडावर." मान्य. परंतु दात बसवताना चाव्याचा ठसा घेणारा तो निळा कागद धरून "चाव" म्हणालीस, तेव्हा धाकट्या बहिणीसमोर शोभेल असाच सौम्य चावा मी घेतला, आणि त्या सभ्यतेच्या मापाने तू दाताची उंची ठरवलीस. काल कागद तोंडात असताना माझा फोन वाजला आणि कागदाला भोकच पडले.

"कोण रे?"

"विमावाला."

"विमावाल्यावर एवढे दातओठ खातोस?"

तो विमावाला नव्हता. आमचे नवे साहेब होते, वयाने तुझ्याहूनही लहान. रुग्णालयाच्या लिफ्टचा दोर तपासून मी 'अयोग्य' असा शेरा मारला. त्यांना 'योग्य' हवा. वर्षभर प्रत्येक तपासणीला हेच. माझ्या टेबलाच्या कोपऱ्यावर बूड टेकवून म्हणतात, "काका, एक सही तर आहे!" मी शेरा बदलत नाही, बोलतही नाही; मौन धारण करून दाढा आवळतो.

तुझा निर्णय : स्क्रू काढू. माझा निर्णय : नामंजूर. दात घासून बुटका कर, झोपताना लावायची ती प्लास्टिकची पट्टी दे, निमूटपणे लावीन. परंतु स्क्रू जागचा हलणार नाही.

कारण आज भर बैठकीत मी तोंड उघडले. "ह्या दोरावर रुग्णाची खाट चढणार नाही. सही तर नाहीच नाही."

"मग उद्यापासून येऊ नका."

"उत्तम. लिफ्टला कुलूप घालूनच आलो आहे, आणि अहवाल सरकारी निरीक्षकांच्या हाती देऊन."

तेव्हा यापुढे अपॉइंटमेंट दुपारची दिलीस तरी चालेल. वहिनी आत उद्याच्या डब्याची भाजी चिरते आहे. तू तिला काही कळवू नकोस. मीच सांगणार आहे, ह्याच तोंडाने.

तुझा,
अर्ध्या हाडावर का होईना, ठाम उभा,
दादा

ता. क. तुझ्या दवाखान्यातला पंखा केवळ माशांच्या टाकीवर वारा घालतो. माशांना घाम येत नाही, हे मी वारंवार निदर्शनास आणून दिले आहे.